शाळेतली चूल आणि मानधन नावाचा शब्द

 

बैठका घेत गावोगाव फिरताना एक प्रश्न आमच्या कानावर सारखा येतो. "आम्ही शाळेत खिचडी शिजवतो, त्याचे पैसे मिळतात. मग त्याला पगार का म्हणत नाहीत?" प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र पंचवीस-तीस वर्षांत पसरलेलं आहे, आणि थोडं आपल्या राज्याच्या बाहेरही. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगायची ठरवली आहे.

मुलांना शाळेत जेवण द्यायची कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजली ती तिकडे मद्रासकडे. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ साली त्यांनी गरीब मुलांसाठी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना फार मोठी केली. खर्च झेपणार नाही, असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणत होते. पण त्या योजनेत आपल्या कामाची एक गोष्ट झाली. जेवण शिजवायला माणसं लागणार हे सरकारने आधीच धरलं आणि प्रत्येक केंद्रावर एक संघटक, एक स्वयंपाकी आणि एक मदतनीस नेमला. यात बहुतेक बायाच होत्या. विधवा आणि निराधार बायांना प्राधान्य होतं. पुढे संघटना झाल्या, मोर्चे निघाले आणि तिथल्या या बायांना खास वेतनश्रेणी मिळाली, थोडंफार निवृत्तिवेतनही मिळालं. सुखाचं सगळं झालं असं नाही, अजूनही त्यांची आंदोलनं चालू असतात. पण त्यांचा झगडा पगार किती, यावर आहे. पगार आहे की नाही, यावर नाही.

आता आपल्याकडे येऊ. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. पण तेव्हा शिजवणं नव्हतंच. महिनाभर हजेरी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. आपल्यातल्या ज्या आज तिशी-पस्तिशीच्या आहेत, त्यांना तांदळाची पिशवी घेऊन घरी आल्याचं आठवत असेल. तांदूळ घरी गेला की सगळ्या घराचा होतो. पोराच्या पोटात किती गेला, हे त्याच्या आईलाच माहीत.

ते बदललं न्यायालयामुळे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य भरून पडलं होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना कच्चं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. वर्षातले निदान २०० दिवस, रोज किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. महाराष्ट्रात २००२-०३ पासून शाळांत चुली पेटू लागल्या.

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. त्या आदेशात उष्मांक आहेत, प्रथिनं आहेत, दिवस आहेत. शिजवायचं कुणी आणि तिला द्यायचं काय, हे नाही. न्यायालयापुढचा प्रश्न भुकेल्या लेकराचा होता, म्हणून न्यायालयाला दोष देता येत नाही. पण योजना आखणाऱ्यांनी ती जागा रिकामीच ठेवली. शिजवायला गावातल्या बाया आहेतच, बचत गट आहेतच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. घरी रोज करतात, तेच शाळेत करायचं, त्यात काय एवढं! आपल्या गटांना हे काम मिळालं तेव्हा आपल्यालाही आनंदच झाला होता. तो खोटा नव्हता. घराबाहेर पडून, चार पैसे हातात घेऊन काम करायची ती अनेकींची पहिलीच वेळ होती.

सुरुवातीच्या वर्षांत मजुरी अन्न शिजवायच्या खर्चातूनच निघायची. म्हणजे मुलामागे ठरलेल्या पैशांतूनच भाजी, तेल, जळण आणि त्यातूनच बाईचा मोबदला. भाजी महागली की बाईचा वाटा कमी. जळण ओलं निघालं, जास्त लागलं, तरी बाईचाच वाटा कमी. बिल उशिरा निघालं तर किराणा दुकानाची उधारी गटाच्या नावावर. हा हिशेब आपल्यातल्या जुन्या अध्यक्ष-सचिवांना विचारा, त्यांना अजून तोंडपाठ असेल.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला, त्याची चर्चा फार होत नाही. २० एप्रिल २००४ चा तो आदेश सांगतो की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या उमेदवारांना प्राधान्य द्यावं. कारण उघड आहे. एका पंगतीत, एका हातचं जेवून पोरं वाढली तर जातीची भिंत थोडी तरी खचेल. कागदावर हे एका वाक्यात होतं, गावात होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांगच्या शाळेत वरच्या जातीच्या मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं खायला नकार दिला, आणि नेमणुकीचे नियम पाळले नाहीत असं सांगून तिलाच कामावरून काढलं. मग दलित मुलांनीही दुसऱ्या बाईच्या हातचं खायचं नाकारलं, गाजावाजा झाला, आणि तिला परत घेतलं. आपल्याकडे असं होत नाही असं म्हणून मोकळं व्हायला सोपं आहे. पण कुठल्या शाळेची चूल कुणाच्या हाती आहे आणि का आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला आपापल्या गावापुरतं पक्कं माहीत आहे.

मग आलं २००९. त्या वर्षाच्या १ डिसेंबरपासून केंद्राने पहिल्यांदा स्वयंपाकिणीचे पैसे जेवणाच्या खर्चातून वेगळे काढले. महिन्याला १,००० रुपये, वर्षातले दहा महिने. आणि माणसांचं प्रमाणही ठरवलं: २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांना दोन, त्यापुढे दर शंभर मुलांपर्यंत आणखी एक. ही चांगली सुधारणा होती, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्या पैशांना नाव दिलं 'मानधन'.

या शब्दाकडे नीट पाहा. आपल्याकडे मानधन देतात कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, पाहुण्याला. ज्याने कामाचा दर विचारायचा नसतो आणि देणाऱ्याने सांगायचा नसतो, अशाला. तो शब्द कागदावर आला की किमान वेतनाचा कायदा दाराबाहेर राहतो, भविष्य निर्वाह निधी राहतो, बाळंतपणाची रजा राहते. केंद्र सरकारने संसदेतही उत्तर देताना हेच सांगितलं आहे, की या मानसेवी आहेत, समाजसेवेसाठी पुढे आलेल्या आहेत. समाजसेवा करायला आपली ना नाही. गावात कुणाकडे मयत झालं, लग्न निघालं, तर आपण न बोलावता जातो. पण लग्नघरी जाणारी बाई चव नोंदवहीत सही झाली का ते बघत नाही, आणि उद्या येऊ नको असं कुणी तिला सांगत नाही.

आता हजार रुपयांचं काय झालं ते ऐका. २००९ मध्ये त्यातले ७५ टक्के, म्हणजे ७५० रुपये, केंद्र द्यायचं आणि २५० राज्य. २०१५-१६ पासून वाटणी ६० आणि ४० टक्के झाली. हजार तेच राहिले, केंद्राचा वाटा मात्र ६०० वर आला. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून 'प्रधानमंत्री पोषण' झालं, तेव्हाही आकडा हललेला नव्हता. वाढ झाली ती राज्याच्या तिजोरीतून आणि बायांच्या मोर्च्यांमुळे. आपल्याकडे आधी १,५०० झाले आणि २०२३ मध्ये २,५००. महिन्याचे शाळेचे २२ दिवस धरले, तर अडीच हजाराचे दिवसाला ११४ रुपयेही पडत नाहीत. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २७३ रुपये होता. म्हणजे शाळेच्या कुंपणाबाहेर नालाबंदिस्तीची माती उचलणाऱ्या बाईला जे मिळत होतं, त्याच्या निम्मंही आत तिच्या पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला मिळत नव्हतं. रोजगार हमी ही महाराष्ट्रानेच देशाला दिलेली गोष्ट. घाम गाळला तर मजुरी मिळालीच पाहिजे, हे आपल्या राज्याला १९७२ च्या दुष्काळात कळलेलं आहे. चुलीपुढचा घाम तेवढा हिशेबातून सुटला.

कुणी म्हणेल, ते काम दोन तासांचं आहे. म्हणणाऱ्याने एक दिवस बरोबर यावं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. शंभर लहान मुलांची शाळा म्हणजे रोज दहा किलो तांदूळ निवडायचा, धुवायचा, शिजवायचा. शिजल्यावर त्याचं वजन तिपटीच्या घरात जातं, आणि ते पातेलं चुलीवरून उतरवायचं असतं. त्याआधी पाणी भरायचं, भाजी चिरायची, कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचं. मग वाढायचं, ताटं घासायची, पातेली घासायची, किचनशेड धुऊन काढायची. सकाळी नऊला गेलेली बाई दुपारी तीनच्या आत घरी येत नाही. मधल्या वेळात दुसरीकडे मजुरीला जायचा प्रश्नच नाही, कारण शेतावरची मजुरीही त्याच वेळात असते.

त्यात काम वाढत जातं. जून २०२४ मध्ये आपल्या राज्याने आहाराच्या पंधरा पाककृती ठरवल्या. एका दिवशी भाताचा प्रकार, बरोबर मोड आलेलं कडधान्य आणि खीर किंवा नाचणी सत्त्व. मुलांच्या दृष्टीने उत्तम, रोजच्या त्याच खिचडीला पोरं कंटाळली होती. पण एका पातेल्याची तीन पातेली झाली, हात मात्र तेवढेच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये पाककृती बारा केल्या आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. तक्रारींचा जोर त्यामागे होताच.

हातांची संख्या हा पगाराइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि आमच्या मते त्याबद्दल आपण कमी बोलतो. केरळचं उदाहरण घ्या. तिथे शाळेतल्या स्वयंपाकिणीला दिवसाला ६०० रुपयांच्या वर मिळतात. ऐकून आपले डोळे विस्फारतात. पण तिथे पाचशे मुलांपर्यंत एकच स्वयंपाकी धरतात. चारशे मुलांचा भात एकटीने कसा उतरवायचा? म्हणून तिथल्या कित्येक जणी स्वतःच्या मजुरीतून पैसे देऊन मदतीला दुसरी बाई घेतात. दर चांगला मिळाला आणि माणसं कमी केली, तर वाढीव पैसे असे हातातून जातात. आपल्याकडे उलटं आहे. प्रमाण त्यामानाने बरं, दर लाजिरवाणा. आपल्याकडे धोका पटसंख्येचा आहे. सव्वीस मुलं असली की दोघी. एक पोरगं ऊसतोड कामगार आईबापाबरोबर गेलं किंवा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेलं, की पट पंचवीस आणि बाई एकच. चूल तीच, पातेलंही जवळपास तेवढंच.

आणि एकटी बाई म्हणजे लक्ष ठेवणारे डोळेही दोनच. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. शिजवणारी बाई स्वतःही ते खाऊन आजारी पडली. त्यानंतर जेवण मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखायच्या नियमावर देशभर भर दिला गेला. नियम योग्यच आहे. पण सामान कुठे ठेवलं, डबा कशाचा होता, तेलाला वास कसला येतो, हे बघायलाही माणूस आणि वेळ लागतो.

शाळेतली बाकीची कामं कुणाच्या माथी येतात, हेही सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. मग घंटा, झाडलोट, पिण्याचं पाणी, कधी कधी स्वच्छतागृहसुद्धा, सगळं हळूहळू 'मावशी, तेवढं करा ना' म्हणत चुलीपर्यंत येतं. अनुदानित माध्यमिक शाळांत शिपायाची पदं तरी होती. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने तीही पुढे भरायची थांबली आणि त्याऐवजी ठोक भत्ता ठरला: मुंबई-पुण्यात महिना १०,०००, इतर महानगरपालिकांत ७,५०० आणि बाकी राज्यात ५,००० रुपये. गावातल्या शाळेचं अंगण शहरातल्या शाळेपेक्षा लहान असतं की काय, कोण जाणे.

स्वयंपाकाला काम म्हणायला आपल्याकडे कुणी शिकवलंच नाही का? शिकवलं. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. घरचा स्वयंपाक आणि त्यातच पंधरा-वीस माणसांचे डबे. सावकाराच्या व्याजाने त्या पिचलेल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या दारात नेऊन सांगितलं, हा व्यवसाय आहे, यांना कर्ज द्या. बँकेने दिलं. आपण आज गटाचा प्रस्ताव घेऊन ज्या विश्वासाने बँकेत जातो, तो रस्ता त्या बायांनी आधी तुडवलेला आहे.

न्यायालयातही ही गोष्ट पोहोचली. उत्तर प्रदेशात बस्ती जिल्ह्यातल्या एका शाळेत एक बाई चौदा वर्षं महिना हजार रुपयांवर स्वयंपाक करत होती. नवा नियम निघाला, की जिचं मूल त्या शाळेत शिकतं तिला प्राधान्य. हिचं नव्हतं, म्हणून तिला काढलं. ती अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती पंकज भाटिया यांनी निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत असं काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी आहे आणि संविधानाच्या कलम २३ ने ती मनाई केलेली आहे, असं त्यांनी म्हटलं. त्या एका बाईपुरतं नाही, तर राज्यातल्या सगळ्या स्वयंपाकिणींना २००५ पासूनचा फरक काढून द्या, असाही आदेश दिला. हा विचार नवा नव्हता. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड स्पर्धांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं होतं: पोटासाठी नाइलाजाने कमी मजुरीवर राबणं हीसुद्धा सक्तीच असते. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेत तर सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलावर बसल्या होत्या. अंगणवाडी, आशा आणि शालेय आहाराच्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस तिथे झाली.

देशभरात अशा सुमारे २५ लाख स्वयंपाकी-मदतनीस आहेत आणि त्यांतल्या शंभरांतल्या नव्वदांहून जास्त बाया आहेत.

आता आपल्या हातातलं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्याच लागतात. आपल्यातल्या बऱ्याच जणी तिच्यात आहेत, सहीपुरत्या का होईना. पुढच्या बैठकीला गेलात तर तीन आकडे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेचा आजचा पट किती, त्या पटाला किती स्वयंपाकी बसतात, आणि प्रत्यक्ष किती जणी काम करतात. मानधन कोणत्या महिन्यापर्यंत जमा झालं आहे, तेही विचारा. स्वयंपाक करणाऱ्या मावशीला एकटीला हे विचारायला लावू नका, उद्या तिचंच काम जायची भीती असते. समितीच्या सदस्य म्हणून तुम्ही विचारा. लिहिलेले आकडे आमच्याकडे ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. दहा-बारा गावांचे जमले की ते घेऊन आपण सगळ्या मिळून पंचायत समितीत जाऊ.

पुढच्या भागात अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटी लागू करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल समजून घेऊ. वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.